थेट प्रक्षेपण : कोट्यवधी प्रेक्षकांचा भार कसा पेलला जातो?

इंटरनेटवरील थेट प्रक्षेपणात चित्रणाचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात. प्रत्येक तुकडा निरनिराळ्या दर्जांत तयार होऊन प्रेक्षकाच्या जवळच्या सर्व्हरवर साठवला जातो. नेटवर्क मंदावले की ॲप खालच्या दर्जाचा तुकडा मागवते. चित्र धूसर होते, थांबत नाही.

जुलै 2019 मध्ये विश्वचषकातील भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना हॉटस्टारवर एकाच वेळी 2.53 कोटी प्रेक्षक पाहत होते. 19 नोव्हेंबर 2023 च्या अंतिम सामन्यात हा आकडा 5.9 कोटींवर गेला. खरी कसोटी मात्र गर्दीच्या आकारापेक्षा तिच्या हालचालीत असते. 2019 मध्ये महेंद्रसिंह धोनी बाद होताच प्रेक्षक मोठ्या संख्येने सामन्यातून बाहेर पडले. क्रिकेटप्रेमींचा हिरमोड येथे अभियांत्रिकीचा प्रश्न ठरतो. ‘बॅक’चे बटण दाबणारा प्रत्येक जण ॲपच्या मुख्य पानावर येतो आणि शिफारशी, अर्धवट पाहिलेले कार्यक्रम अशा अनेक सेवांकडे एकदम मागणी जाते. नवे सर्व्हर सुरू होण्यास काही मिनिटे लागतात. गर्दी सेकंदांत येते. त्यामुळे स्वयंचलित क्षमतावाढीवर विसंबून न राहता सर्व्हर आधीच सज्ज ठेवले जातात. ताण असह्य झाल्यास शिफारशींसारख्या दुय्यम सेवा तात्पुरत्या बंद करून सामन्याचे चित्र सुरू ठेवले जाते.