२६ मार्च १९०२ : शिलकीबद्दल गोखल्यांचा जाब

कलकत्त्याच्या केंद्रीय विधिमंडळात गोपाळ कृष्ण गोखले यांचे अर्थसंकल्पावरचे पहिले भाषण झाले. सुमारे ७ कोटी रुपयांच्या शिलकीबद्दल सरकारचे अभिनंदन करण्यास त्यांनी साफ नकार दिला. दुष्काळ आणि प्लेगने खंगलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर उकळणे हा अन्यायच, असे त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनसमोर आकडेवारीनिशी मांडले. मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. ठाणे जिल्ह्यात खाडीकाठी मिठागरे असूनही गरिबाची सुटका नव्हती! बड्या पगाराच्या गोऱ्या नोकरशाहीचा भार गोखल्यांनी १८९७ मध्येच भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे मांडला होता. १९०३ मध्ये मीठकर दोन रुपयांवर आला.