खोलीत मावणारी रेल्वे

झोपायच्या खोलीत मांडता येईल अशा छोट्या रेल्वेचा इतिहास बहुधा मापांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १९२२मध्ये बिंग या खेळणी-कंपनीने १६.५ मिलिमीटर रुळांची टेबलावरची गाडी आणली, साठच्या दशकात आर्नोल्डमुळे ९ मिलिमीटरचे रूळ रुजले, १९७२मध्ये मेर्क्लिन ६.५ मिलिमीटरपर्यंत उतरली. गाडी लहान झाली म्हणून खोलीत आली, असा हा हिशोब. मला तो अपुरा वाटतो. माप घटले की वळण लहान होते, पण त्याची गरज संपत नाही. १६.५ मिलिमीटर रुळांच्या एचओ मापात १८ इंच त्रिज्येचे वर्तुळ धरले तरी तीन फुटांहून रुंद फळी लागते. ती भिंतीला टेकवली, की पलीकडे घसरलेल्या डब्यापर्यंत हात पोचत नाही. शिवाय एवढी जागा देऊनही गाडी कुठे जात नाही, गोल गोल फिरत राहते.

खरा बदल ब्रिटनमधल्या काही हौशी आराखडाकारांनी घडवला, तोही वर्तुळच सोडून देऊन. ए. आर. वॉकली यांनी १९२६मध्ये सुटकेससारखा दुमडणारा मालधक्का करून दाखवला होता. पण या विचाराला प्रवासी गाड्यांचे रूप दिले ते ‘रेल्वे मॉडेलर’चे संपादक सिरिल फ्रीझर यांच्या १९५७च्या ‘मिनोरीज’ आराखड्याने. तेवढ्याच रुंद रुळांच्या ओओ मापात जेमतेम सात फूट लांब, अरुंद फळीवर शहरातले टर्मिनस, तीन फलाट, दुहेरी मार्ग. दुसऱ्या टोकाला पुलाआड काही उघडे रूळ. तिथे गाडी हाताने फिरवून पुन्हा पाठवायची. रूळ बदलणाऱ्या लागोपाठच्या उलटसुलट सांध्यांवर लांब डबे एकमेकांत अडकतात. फ्रीझर यांनी सांधे असे रचले की बहुतेक मार्गांवर हा पेच येतच नाही. आलेल्या गाडीचे इंजिन फलाटाच्या टोकाशी कोंडले जाते, म्हणून मागून दुसरे इंजिन लावावे लागते. म्हणजे प्रत्येक गाडीपाठोपाठ काम आलेच. या आराखड्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

यावर आक्षेप असा, की लहान मापाशिवाय हे साधले असते का? बिंगचे रूळ १९२२पासून होतेच, तरी त्यानंतर कितीतरी वर्षे घरोघरी लंबवर्तुळच मांडले जात होते. याहून ठोस उत्तर ॲलन राइट यांच्या ‘इंगलनुक’ आराखड्यात आहे. दोन सांधे, तीन रूळ. एकावर पाच आणि उरलेल्या दोहोंवर तीन-तीन वाघिणी मावतील एवढीच लांबी. आठ वाघिणींतून चिठ्ठीने निघालेल्या पाच त्याच क्रमाने लावायच्या. असे ६,७२० क्रम संभवतात. रूळ कोणत्याही मापाचे घ्या, फळीची लांबी बदलेल, काम तेच राहील. हे रेल्वे नव्हे, कोडे आहे, असेही म्हटले जाते. परंतु राइट यांनी नमुना घेतला तो नॉर्थम्बरलँडमधल्या किल्हॅमच्या साइडिंगचा, आणि हवी ती वाघीण हव्या त्या जागी नेणे हेच मालगाडीच्या शंटिंगचे रोजचे काम होते.