दृष्टान्त, औषध आणि तत्त्वज्ञ

अमक्याला दृष्टान्त झाला असे आपण सहज म्हणतो, आणि फार तर विचारतो, कोणत्या देवाचा? पण दृष्टान्तात दिसते ते खरे मानावे का, हा प्रश्न पश्चिमेकडच्या मंडळींनी कित्येक पिढ्या घोळवला आहे. आपण ती गोष्ट एका जोडे शिवणाऱ्या कारागिराच्या घरापासून सुरू करू.

जर्मनीतील गेर्लिट्स गावी याकोब बोमे नावाचा हा कारागीर राहत असे. इ. स. १६०० मध्ये कथलाच्या भांड्यावरची चकाकी पाहता पाहता त्याला सृष्टीचे अंतरंगच उघडे झाल्यासारखे वाटले, असे त्याचा चरित्रकार सांगतो. बारा वर्षांनी त्याने ते लिहून काढले. हस्तलिखित हातोहात फिरले, तेव्हा गावच्या पाद्रीबुवांनी असा गहजब केला, की बोमेवर लेखनबंदी आली. पुढे त्याने ती मोडली, ते निराळे! चर्चच्या चौकटीबाहेर युरोपात गूढविद्येचा जो प्रवाह वाहत आला, त्यात या माणसाचे स्थान मोठे आहे. इंग्रज कवी विल्यम ब्लेक त्याला फार मानीत असे.

बोमेने कसलीही मात्रा घेतली नव्हती. ती घेऊन पाहिली अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स याने. दात काढताना देतात तो नायट्रस ऑक्साइड वायू त्याने हुंगला आणि त्या गुंगीत पानेच्या पाने लिहिली. शुद्धीवर येऊन वाचतो तो काय, सारी निरर्थक बडबड! हा अनुभव त्याने १८८२ मध्ये प्रामाणिकपणे छापला. पुढे १८९६ मध्ये त्याने पेयोटी नावाच्या मेक्सिकन निवडुंगाची एक बोंडी खाल्ली. दृष्टान्त राहिला बाजूला, दिवसभर ओकाऱ्या मात्र झाल्या. तरीसुद्धा १९०२ च्या आपल्या ग्रंथात त्याने म्हटले, की आपली जागेपणीची जाणीव हाच जाणिवेचा एकुलता एक प्रकार नव्हे. अनुभव कुठून आला यापेक्षा त्याची फळे माणसाच्या जगण्यात काय दिसतात, ते पाहावे. ही कसोटी मला तरी सर्वांत शहाणी वाटते.

त्याच निवडुंगात मेस्कलीन हे द्रव्य असते. मेक्सिकोतील आणि उत्तर अमेरिकेतील आदिवासी ते झाड पूजाविधीत फार पूर्वीपासून वापरीत आले आहेत. मे १९५३ मध्ये लॉस एंजलिस येथे राहणारे इंग्रज लेखक आल्डस हक्सली यांनी डॉक्टर हम्फ्री ऑस्मंड यांच्या देखरेखीखाली ०.४ ग्रॅम मेस्कलीन पाण्यातून घेतले. गंमत अशी, की याच हक्सलींनी १९३२ च्या कादंबरीत लोकांना गप्प ठेवणारी एक सरकारी गोळी रंगवली होती, आणि तिला नाव दिले होते, आपल्या वेदांतले 'सोम'!

आता त्यांच्यासमोर फुलदाणीत तीन फुले होती. ती पाहत असताना त्यांना वाटले, असणे म्हणजे काय ते आज कळले. १९५४ च्या पुस्तकात त्यांनी यासाठी 'सच्चिदानंद' हा आपला शब्द वापरला. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ यांचा आधार घेऊन ते म्हणाले, की मेंदू जाणीव उत्पन्न करीत नाही, तर अडवतो. आपल्या भाषेत सांगायचे, तर पाटाच्या तोंडाशी दार असते ना, तसा. जगण्यापुरते पाणी आत येते; औषधाने दार सैल होते.

हे ऑक्सफर्डच्या झेनर यांना मुळीच पटले नाही. पौर्वात्य धर्मांचे हे प्राध्यापक. १९५५ मध्ये त्यांनी स्वतः मेस्कलीन घेऊन पाहिले, आणि त्यांना झाले काय? सगळे हास्यास्पद वाटू लागले! १९५७ च्या ग्रंथात त्यांनी बजावले, की सृष्टीशी एकरूप झाल्याचा भास वेगळा, आत्मस्वरूपात स्थिर होणे वेगळे आणि ईश्वराशी प्रेमाने जडणे वेगळे. हक्सली या तिन्हींची खिचडी करतात. आक्षेप रास्त आहे. फुलदाणीपासून सच्चिदानंदापर्यंत एका सकाळीत उडी मारणे मलाही जरा घाईचे वाटते. पण झेनर कॅथलिक होते, आणि कोणता अनुभव श्रेष्ठ हे त्यांनी आधीच ठरवले होते, हेही लपत नाही.

हक्सलींनी आपले मत अखेरपर्यंत सोडले नाही. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, मरणाच्या दारात असताना, त्यांना बोलता येईना. त्यांनी कागदावर लिहून एलएसडी मागितले, आणि पत्नी लॉरा यांनी ते सुईने टोचले. त्याच दिवशी डॅलस शहरी अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, आणि त्या गदारोळात हक्सली गेल्याची बातमी फारशी कुणाच्या लक्षात आली नाही.