आऊटसाइड झोन : पाच जणांची पहिली दोन पावले

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्याकडे सगळ्यांचे लक्ष असते. त्याच्यापुढे वाट काढणारे पाच जण, म्हणजे मधला सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांचे गार्ड आणि त्यांच्यापलीकडचे टॅकल, सहसा दिसत नाहीत. धाव मैदानाच्या कडेकडे न्यायची असेल, तर बरेच काही याच पाच जणांच्या पावलांवर ठरते.

‘आऊटसाइड झोन’ या डावात पाचही जण एकाच वेळी एकाच दिशेला सरकतात. डाव उजवीकडे असेल, तर उजवा पाय आधी उचलायचा. समोरचा बचावपटू बहुधा बाहेरच्या खांद्यासमोर उभा असतो. त्याला वळसा घालायला कोन हवा. म्हणून अनेक प्रशिक्षक पहिले पाऊल किंचित मागे टाकायला शिकवतात. यालाच ‘बकेट स्टेप’ म्हणतात. कोन मिळतो, पण जमीन सुटते. पाऊल जास्त मागे गेले की चपळ बचावपटू फटीतून आत घुसतो आणि धावणारा जागच्या जागी पकडला जातो. त्यामुळे काही प्रशिक्षक पाऊल सरळ बाजूलाच टाकायला लावतात. हा वाद जुना आहे.

दुसऱ्या पावलाबद्दल मात्र फारसे दुमत नाही. धडक बसण्याआधी ते जमिनीवर टेकलेच पाहिजे. एक पाय हवेत असताना भलाभक्कम गडीही कोलमडतो. रोख प्रतिस्पर्ध्याच्या बाहेरच्या काखेवर हवा. खांदे पूर्ण कडेकडे वळले, तर तो पाठीमागून निसटतो. सरावात ही पावले आधी प्रतिस्पर्ध्याशिवाय, मैदानावरच्या रेषांवर, पाचही जणांकडून एका तालात घोटून घेतात.

वळसा जमलाच नाही, तरी डाव फसत नाही. बचावपटू ज्या दिशेला पळतोय, तिकडेच त्याला रेटत न्यायचे. धावणारा एकदाच वळून आतल्या मोकळ्या जागेत शिरतो.

ही पद्धत गाजवली ती डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाने. प्रशिक्षक माइक शॅनाहान १९९५ मध्ये तिथे आले आणि फळी ॲलेक्स गिब्ज यांच्या हाती गेली. वजनापेक्षा चपळाईवर त्यांचा भर होता. १९९८ च्या हंगामात टेरेल डेव्हिस २,००८ यार्ड धावला. मात्र डावाच्या मागच्या बाजूला गुडघ्यांखाली झेपावून अडवण्याच्या त्यांच्या सवयीवर प्रतिस्पर्धी चिडत, कारण पाय मोडण्याची भीती त्यांना असे. एकाने वर धरायचे आणि दुसऱ्याने खाली झेपावायचे, या प्रकारावर एनएफएलने २०१६ मध्ये पूर्ण बंदी घातली.