बुटलेगर आणि हातभट्टीवाला

अमेरिकेतल्या वाचकांना 'बुटलेगर' ओळखीचा असेल. उंच बुटात बाटली लपवून नेणारा तो बुटलेगर. हा शब्द १९२० ते १९३३च्या दारूबंदीच्याही आधीचा. चोरून दारू गाळणारा मात्र तिकडे 'मूनशायनर'.

आता महाराष्ट्राचा १९८१चा स्थानबद्धतेचा कायदा पाहा. त्याच्या इंग्रजी नावात 'बुटलेगर्स' आहेत, मराठी नावात 'हातभट्टीवाले'. आपला शब्द खरं तर भट्टी लावणाऱ्याचा, गुळाचं रसायन आंबवणाऱ्याचा. पण कायद्याची व्याख्या गाळणारा, साठवणारा, वाहून नेणारा, विकणारा अशा सगळ्यांना पोटात घेते. म्हणजे चोरून चालणारा गुत्तेवालाही त्यात आलाच. (गुत्ता म्हणजे मुळात मक्ता, तोही रीतसर! मराठवाड्यात रस्त्याचं काम घेणारा आजही गुत्तेदारच.)

हा नुसता शब्दांचा कीस नाही. हे नाव चिकटलं की खटला न चालवता बारा महिन्यांपर्यंत डांबता येतं. फक्त त्यासाठी सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधा येते हे दाखवावं लागतं, आणि लोकांच्या जिवाला किंवा आरोग्याला असलेला व्यापक धोका त्यात धरला जातो. म्हणून अशा प्रकरणांत दारूच्या रासायनिक तपासणीच्या अहवालाला वजन असतं.