चित्रकथक आणि त्याचीं पानें

धाराशिव जिल्ह्यांत उमरगा ओलांडला कीं कल्याण फार लांब राहत नाहीं. आज तें गांव कर्नाटकांत बीदर जिल्ह्यांत पडतें व बसवकल्याण या नांवानें ओळखलें जातें. परंतु तेर, नळदुर्ग हा सारा मुलूख बाराव्या शतकांत ज्या चालुक्यांच्या अमलाखालीं होता, त्यांची ती राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११३० च्या सुमारास रचिलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत, चित्रें दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख आहे.

त्याच शतकांत जपानांत 'गेंजी'च्या कादंबरीवरील प्रसिद्ध चित्रपट रंगविला गेला. (हा शब्द सिनेमानें पळविण्यापूर्वीं अशाच वस्तूचा होता!) लांबलचक कागदाची ही गुंडाळी डाव्या हातानें उलगडावयाची व उजव्या हातानें गुंडाळीत जावयाचें, डोळ्यांपुढें एका वेळीं हातभर चित्र. घडीच्या चित्रित पडद्यांस तेथें 'ब्योबू', म्हणजे वारा अडविणारा, असें सुटसुटीत नांव आहे. देवळांतील भिक्षु अशीं चित्रें दाखवून कथा सांगत. दोजोजी मंदिरांत ती चाल अद्यापि आहे.

आपल्याकडे पैठणच्या व पिंगुळीच्या चित्रकथींनीं गुंडाळी न करितां सुटीं पानें केलीं. दोन चित्रें पाठीस पाठ लावून चिकटवावयाचीं, पोथी उभी धरावयाची, आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीवर एकेक पान पुढें करून रामायण-महाभारतांतील आख्यान गावयाचें. कथा पानावर नसते, गाणाऱ्याच्या तोंडीं असते. आमच्या मतें या कलेचें वैभव तेंच आणि दुबळेपणाही तोच.

जपानांतील गुंडाळीस निदान कापावें तरी लागतें. साताके घराण्याकडील छत्तीस कवींच्या चित्रपटास १९१९ सालीं एकटा गिऱ्हाईक झेपेना, तेव्हां त्याचे ३७ तुकडे करून चिठ्ठ्या टाकून वांटले. 'गेंजी'चा पटही १९३२ सालीं जतनासाठीं कापून सपाट करण्यांत आला. अलीकडे तो पुन्हां गुंडाळीच्या रूपांत आणिला आहे. आमच्या पानांस कात्रीचीही गरज नव्हती. पैठणचीं पुष्कळ पानें पुण्याच्या केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणीं सुखरूप आहेत, हें भाग्यच. पण भिंतीवरील एकट्या पानास मागचें-पुढचें कोण सांगणार?

पिंगुळीस मात्र परशुराम गंगावणे यांनीं घरच्या गोठ्याचेंच संग्रहालय केलें. २०२१ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. तेथें पोथी अजून गाऊन दाखवितात.