स्टेल्थ विमान क्षेपणास्त्रं पोटात का लपवतं?

सुखोई-३० च्या फोटोत पंखांखाली लटकलेली क्षेपणास्त्रं दिसतात. अमेरिकेच्या एफ-२२ रॅप्टरच्या फोटोत मात्र सहसा दिसत नाहीत. बाहेर लटकलेलं क्षेपणास्त्र रडारच्या लहरी परत पाठवतं आणि विमान पकडलं जातं. म्हणून एफ-२२ ची ८ क्षेपणास्त्रं आतल्या कप्प्यांत असतात: पोटात ६, दोन्ही बाजूंना एकेक.

मला खरी अवघड गोष्ट वाटते ती कप्प्याची दारं. दार उघडं असेपर्यंत विमान रडारला जास्त दिसतं, शिवाय सुसाट वारा आत घुसून कप्पा हादरवतो. त्यामुळे दार झटपट उघडून बंद व्हायला हवं. इथे हायड्रॉलिक ॲक्च्युएटर कामाला येतात. जेसीबीचा हात उचलणारी दाबाखालच्या तेलाची ताकदच इथेही वापरतात. एफ-२२ मध्ये हा दाब ४,००० पीएसआय असतो. कारच्या टायरमध्ये साधारण ३२!

पोटातलं क्षेपणास्त्र नुसतं सोडून देत नाहीत. यांत्रिक हात ते जोरात खाली ढकलतो, मगच त्याचं इंजिन पेटतं.

भारताच्या ॲम्का विमानातही असे कप्पे असणार आहेत. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं त्याच्या विकासाला मंजुरी दिली. पण कप्प्यात जागा मोजकीच, म्हणजे लपायचं असेल तर शस्त्रंही मोजकीच!